कळपाची दिशा कोण ठरवतं?

प्रश्न : सव्हाना म्हणजे वाळक्या गवताचा मुलूख, आणि म्हशीला तर पाण्यावाचून चैन पडत नाही. मग आफ्रिकेतल्या रानम्हशी तिथे तग कशा धरतात? शेकडोंच्या कळपाने कुठे जायचं हे कोण ठरवतं?

उत्तर : आधी नात्याचं बोलू. आपली म्हैस आणि आफ्रिकेतली रानम्हैस यांची प्रजातीच वेगळी, त्यांचा संकरही होत नाही. आफ्रिकेतली कधी माणसाळली नाही. पण पाण्याची ओढ मात्र दोघींनाही आहे. रानम्हशीला रोज पाणी लागतं, त्यामुळे लांबवर कितीही चांगला चारा असला तरी तो तिच्या उपयोगाचा नाही. पावसाळ्यात जागोजागी डबकी भरतात तेव्हा कळप पांगतात. कोरडे दिवस आले की सगळे नदीकाठ आणि दलदली धरतात. बोत्स्वानातल्या ओकावांगोत तर अंगोलातल्या पावसाचं पाणी काही महिने वाहत येऊन ऐन कोरड्या दिवसांत पोचतं. रानम्हशींसाठी याहून चांगली जागा कोणती? चाऱ्याच्या बाबतीत ती फारशी चोखंदळ नाही. हरणं ज्याला तोंड लावत नाहीत असं उंच, जाडंभरडं गवत ती खाते आणि मागे उरलेलं आखूड गवत त्यांच्या कामी येतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला जास्त आवडला. टांझानियातल्या मन्यारा सरोवराकाठी हर्बर्ट प्रिन्स या डच संशोधकाने रानम्हशींचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. दुपारी कळप रवंथ करत बसलेला असतो. ऊन कलू लागलं की एखादी म्हैस उठते, मान जरा वर करून एका दिशेला टक लावून उभी राहते आणि पुन्हा बसते. थोड्या वेळाने दुसरी उठते, मग तिसरी. पाय मोकळे करायला उठत असतील असं प्रिन्सना आधी वाटलं. मग त्यांनी या नजरांच्या दिशा टिपल्या, तेव्हा दिसलं की संध्याकाळी कळप निघतो तो बहुतेक माद्यांनी पाहिलेल्या दिशेनेच. मतं फारच फाटली तर कळप रात्रीपुरता दोन ठिकाणी चरतो. हा कौल फक्त प्रौढ माद्यांचा असतो. सात-आठशे किलोचे, कपाळावर शिंगांची ढाल मिरवणारे रेडे त्यात नसतात. मला हे फार विलक्षण वाटतं, कारण गाभण किंवा दुभती मादी चाऱ्यापाण्याला चुकली तर त्याची किंमत पारडूही मोजतं.

सिंहांपेक्षाही या जनावरांना रोगाने अधिक छळलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुळकांडीची साथ गुरांबरोबर आफ्रिकेत शिरली आणि 1890 च्या दशकात खंडभर पसरली. गुरं मेली, रानम्हशींचे कळपच्या कळप संपले, इथिओपियात भीषण दुष्काळ पडला. पुढे सेरेंगेटीभोवतालच्या गुरांना लस टोचली गेली, तशी रानातली साथही ओसरली आणि कळप पुन्हा वाढले. 2011 मध्ये ही बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं.

लाळ्या-खुरकूत मात्र अजून आहे. तिचे विषाणू रानम्हशींच्या अंगात त्यांना आजारी न पाडता राहतात आणि गुरांना लागण होऊ शकते. म्हणून बोत्स्वानात मैलोगणती कुंपणं घातली आहेत. युरोपला गोमांस विकायचं तर त्याशिवाय गत्यंतर नाही, आणि पशुपालकांची ती रोजीरोटी आहे, हे मान्य. पण अशाच कुंपणांपाशी दुष्काळात पाण्याकडे निघालेली हजारो रानटी जनावरं अडकून मेली आहेत. कुंपण आखताना जनावरांच्या पाण्याच्या वाटा आधी पाहायला हव्या होत्या, असं माझं स्पष्ट मत आहे.