आकड्याला हात लावण्याआधी

अगं, सगळ्यात आधी तो स्पॅमचा आकडा आठवर नेलायस ना, तो परत पाचावर आण. कळतंय मला. अकाउंट्सवाले डोक्यावर बसलेत, त्यांची बिलं जंकमध्ये चाललीत, आणि आकडा वाढवला की सगळे गप्प बसतात. पण चार दिवसांनी हेच लोक लॉटरीच्या मेली दाखवायला येतील. स्पॅमअसॅसिनमधला पाच उगाच ठेवलेला नाही. बाकी नियमांचे गुण त्या पाचाशी ताडूनच बसवलेत.

त्यापेक्षा अडकलेली एक मेल घे आणि तिच्या हेडरमधली एक्स-स्पॅम-स्टेटसची ओळ वाच. कुठले नियम लागले ते तिथे नावानिशी असतं. तीच मेल टेस्ट मोडमध्ये परत चालवलीस, तर कुणी किती गुण दिले तेही दिसेल.

त्या ओळीत यूआरआयबीएल_ब्लॉक्ड दिसलं, तर फिल्टरला बोल लावू नकोस, रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ उघड. तिथे बहुतेक ८.८.८.८ सापडेल. काळ्या याद्या ठेवणारे लोक थोड्या चौकश्यांना फुकट उत्तर देतात. पण गुगलच्या डीएनएसवरून गेलीस की तुझी चौकशी लाखोंच्या गर्दीत मिसळते आणि ते सरळ नकार देतात. स्पॅमहाउस तर नकार म्हणून १२७.२५५.२५५.२५४ असा पत्ता पाठवतं. आता गंमत बघ. पोस्टफिक्समध्ये नुसतं यादीचं नाव लिहिलं असेल, तर १२७ ने सुरू होणारं कुठलंही उत्तर त्याला ‘हा यादीत आहे’ असंच वाटतं, आणि चांगल्या मेलीही दारातूनच परत जातात. सर्व्हरवरच स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर, अनबाउंड, बसव, त्याला पुढे कुणाकडे फॉरवर्ड करू देऊ नकोस, आणि पोस्टफिक्समध्ये १२७.०.०.२ ते ११ एवढीच उत्तरं धर. माझं म्हणशील तर ही पायरी मेल सर्व्हर उभा करतानाच व्हायला हवी, पण कुणी करत नाही.

मग बेयस, म्हणजे दाखवलेल्या मेलींवरून शिकणारा भाग. तू रोज स्पॅमचा फोल्डर एसए-लर्नला देतेस म्हणालीस. कुठल्या युजरने? रूट म्हणून देत असशील आणि फिल्टर अमाविसच्या नावाने चालत असेल, तर शिकवणी एकीची आणि परीक्षेला बसते दुसरीच! त्याच युजरने डंप मॅजिक काढून बघ. स्पॅम आणि हॅम (म्हणजे चांगल्या मेली), दोन्ही किमान २०० झाल्याशिवाय बेयस तोंडच उघडत नाही. आणि हॅम शिकवायला विसरू नकोस बाई. नुसतं वाईट दाखवलं तर त्याला चांगलं ओळखायचं कसं?

नियमही चुकतात, हे लक्षात असू दे. मेलवरची तारीख फार पुढची असेल तर गुण चढवणारा एक नियम होता, आणि त्यात २०१० म्हणजे ‘फार पुढचं’ साल. १ जानेवारी २०१० उजाडली आणि साध्यासुध्या मेलींवरही गुण चढायला लागले. म्हणून दुरुस्त नियम आणणारं एसए-अपडेट क्रॉनमधून खरंच चालतंय ना, ते लॉगमध्ये बघ.

व्हाइटलिस्टचं म्हणशील, तर बँकेचा पत्ता व्हाइटलिस्ट_फ्रॉममध्ये टाकायचा मोह आवर. फ्रॉमच्या ओळीत कुणीही काहीही लिहू शकतं. एसपीएफ किंवा डीकेआयएम जुळलं तरच सूट देणारं व्हाइटलिस्ट_ऑथ वापर. नव्या आवृत्तीत त्याला वेलकमलिस्ट_ऑथ म्हणतात.

आणि अकाउंट्समधल्या त्या काकांना सांग, मेल फॉरवर्ड करू नका, अटॅचमेंट म्हणून पाठवा. फॉरवर्ड केली की मूळ हेडर जातात, आणि मग तुझ्या हाती त्यांची तक्रार सोडून काहीच उरत नाही.