पिल्लाचं यकृत बिघडलं तर खर्च किती?

कुत्र्याच्या पिल्लाचे डोळे-हिरड्या पिवळ्या दिसल्या की अनेकजण आधी मेडिकलमधून लिव्हर टॉनिक आणतात. तो पैसा रक्ततपासणीला ठेवा. कावीळ विषाणूची, लेप्टोस्पायरोसिसची, घरच्या पॅरासिटामॉलची की आणखी कशाची, हे टॉनिकने कळत नाही आणि मोलाचे दोन-तीन दिवस जातात.

पुण्या-मुंबईत खासगी दवाखान्याची फी साधारण 300 ते 800 रुपये, यकृत-मूत्रपिंडासह रक्ततपासणी 1,000 ते 2,500, सोनोग्राफी 1,000 ते 3,000. सलाईनवर ठेवावं लागलं तर दिवसाचे काही हजार धरा. दर भागागणिक बदलतात, आधी विचारा. परळचं बाई साकरबाई रुग्णालय किंवा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने तुलनेने स्वस्त पडतात. रिपोर्टमध्ये एकटं एएलपी हे एन्झाइम वाढलेलं असेल तर घाबरू नका; हाडं वाढत असल्याने पिल्लांत ते जास्तच असतं. यकृताचं एन्झाइम एएलटी आणि कावीळ दाखवणारं बिलिरुबिन यांबद्दल विचारा.

सर्वांत फसवा आजार म्हणजे जन्मजात शंट. आतड्याकडून आलेलं रक्त यकृतात न शिरता परस्पर पुढे जातं. माल्टीज, यॉर्कशायर टेरियर, पग अशा छोट्या जातींत तो जास्त. पिल्लू भावंडांपेक्षा खुरटं राहतं, खाल्ल्यावर गुंगतं, लाळ गाळतं, भिंतीला डोकं लावून उभं राहतं. यात कावीळ सहसा दिसत नाही, एएलटीही कधी ठीक येतं. म्हणून उपाशीपोटी आणि खाल्ल्यावर दोन तासांनी बाइल अॅसिडची तपासणी करतात. उपाशी किती वेळ ठेवायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या, लहान पिल्लाची साखर झपाट्याने उतरते. पुढे सीटी स्कॅनला दहा-वीस हजार लागू शकतात आणि शस्त्रक्रिया लाखाच्या घरात जाते. अंदाजपत्रक लेखी घ्या. एवढं झेपत नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका: लॅक्टुलोज, गरजेनुसार अँटिबायोटिक आणि डॉक्टरांनी ठरवलेला आहार यांनी मूळ दोष जात नाही, पण त्यांवर काही कुत्री वर्षानुवर्षं बरी राहतात.

लस मात्र चुकवू नका. सहा ते आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत. एका डोसचे साधारण 600 ते 1,200 रुपये. विषाणूजन्य हिपॅटायटिस त्यातच येतो. लेप्टोचा घटक प्रत्येक लसीत नसतो, म्हणून लेबल बघा. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून पसरणारा हा रोग माणसांनाही होतो, तेव्हा आजारी पिल्लाची लघवी हातमोजे घालूनच पुसा.

पिल्लू विकत घेताना लसीचं स्टिकर आणि डॉक्टरांची सही असलेलं कार्ड मागा. ते नसेल तर पैसे देऊ नका.