माणा : बदरीनाथाच्या पुढचे गाव

बदरीनाथाचे दर्शन घडले की अनेक यात्रेकरू परतीस लागतात. तेथून ३ किलोमीटरवर, अलकनंदेच्या खोऱ्यात सुमारे ३,२०० मीटर उंचीवर वसलेले माणा गाव मात्र राहून जाते. व्यास गुंफा व सरस्वतीवरील भीमपूल यांसाठी काही भाविक येथे येतात; परंतु या गावाचा देवाशी असलेला संबंध याहून निकटचा आहे. हिवाळ्यासाठी मंदिराची दारे बंद होण्यापूर्वी माण्याच्या कन्या लोकरीची कांबळ विणतात. तिला तूप लावून ती बदरीविशालास पांघरली जाते. दारे पुन्हा उघडेपर्यंत देवाच्या अंगावर तीच असते व पुढे तिचे धागे प्रसाद म्हणून वाटले जातात.

येथील भोटिया कुटुंबांचा तिबेटशी चालणारा व्यापार १९६२ च्या युद्धानंतर थांबला. आता उन्हाळ्यातील मोजक्या महिन्यांत लोकरीची वस्त्रे विकली जातात. तेव्हा शाल घेताना फार घासाघीस न केलेली बरी. अंगणात शिरण्यापूर्वी विचारावे. हवा विरळ असल्याने चढण सावकाश चढावी. थंडीत गावकरी खालच्या वस्त्यांवर उतरतात व घरांना कुलपे लागतात. म्हणून मे ते ऑक्टोबर याच काळात जावे.