लॅपटॉपची बिजागरी : ढिली की ताठ?

लॅपटॉप पाच-सहा वर्षांचा झाला म्हणजे त्याचा पडदा डोलू लागतो, उघडताना कोपऱ्यातून 'कट्' असा आवाज येतो, आणि पुढे एखाद्या दिवशी मागे उशी किंवा भिंत असल्याखेरीज पडदा उभाच राहीनासा होतो. आतला संगणक मात्र धडधाकट असतो. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला दिलेली जी जुनी यंत्रे आमच्या संगणक कक्षात येतात, त्यांतील अनेकांचे दुखणे हेच असते; पालकही भेटीला आले की याचविषयी विचारतात. दुकानात पुष्कळदा 'आता नवाच घ्या' असा सल्ला मिळतो. ज्या घरात शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशाची कागदपत्रे आणि धाकट्या भावंडाचा अभ्यास हे सारे एकाच यंत्रावर चालते, त्या घराला हा सल्ला पेलणारा नसतो. म्हणून हा विषय येथे थोडा विस्ताराने मांडत आहोत.

दाराची बिजागरी जितकी मोकळी फिरेल तितकी चांगली. लॅपटॉपच्या बिजागरीचे काम याच्या उलट आहे : तिने फिरायचेही असते आणि हात काढला की जागच्या जागी थांबायचेही असते. हे थांबणे घर्षणाने साधते. पोलादी दांड्यावर घट्ट दाबून बसवलेल्या चकत्या, अथवा दांड्याला आवळून धरणारी पोलादी पट्टी, आणि मध्ये थोडे ग्रीस, एवढीच तिची रचना. पडदा कळफलकावर मिटणारा लॅपटॉप १९८२ साली 'ग्रिड कंपास'च्या रूपाने बाजारात आला. बिल मॉग्रिज यांनी घडवलेल्या त्या यंत्राचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते. आज स्वस्त यंत्रांत कवच बहुधा प्लास्टिकचे असते, बिजागरी मात्र अजूनही पोलादीच आहे. पुढच्या साऱ्या दुखण्याचे मूळ या विजोड जोडीत आहे.

थोडे गणित करून पाहू. समजा, पडद्याच्या झाकणाचे वजन ६०० ग्रॅम आणि उंची २२ सेंटीमीटर आहे. वजनाचा मध्य बिजागरीपासून सुमारे ११ सेंटीमीटरवर येतो. झाकण आडवे असताना बिजागऱ्यांवर येणारा पीळ ०.६ गुणिले ११, म्हणजे ६.६ किलो-सेंटीमीटर होतो. आपण काम करताना पडदा साधारण १२० अंशांपर्यंत उघडतो. त्या स्थितीत हा पीळ निम्मा, ३.३ इतका राहतो आणि तो दोन बिजागऱ्यांत वाटला जातो. हा भार मोठा नाही. खरा ताण येतो तो पडदा उघडताना-मिटताना, कारण तेव्हा बिजागरीच्या घर्षणावर मात करावी लागते. घर्षणाचा पीळ ३ किलो-सेंटीमीटर असेल आणि बिजागरीचे दोन स्क्रू २ सेंटीमीटर अंतरावर असतील, तर प्रत्येक वेळी स्क्रूला सुमारे दीड किलोची ओढ बसते. वर्षे लोटतात, ग्रीस वाळते, धूळ शिरते आणि घर्षण वाढत जाते. ते ८ झाले की ओढ ४ किलोंची होते. हा स्क्रू धातूत नसतो. प्लास्टिकच्या छोट्या खुंटात बसवलेल्या, आतून आटे असलेल्या पितळी बुशात तो फिरवलेला असतो. रोज दहा-वीस वेळा ही ओढ सोसून खुंटाला तडा जातो, आणि एके दिवशी बुश प्लास्टिकसकट उपटून येतो.

थोडक्यात, पडदा ढिला दिसतो, पण बिजागरी बहुधा ढिली नसते. ती प्रमाणाबाहेर ताठ झालेली असते आणि तिच्यापायी प्लास्टिक हरलेले असते. बिजागरी आणखी आवळणे हा अशा वेळी उपचार नसून उरलेले खुंट मोडण्याची तयारी होय.

अर्थात प्रत्येक वेळी असेच असते असे नाही, म्हणून आधी तपासणी करावी. झाकण मधोमध एका बोटाने हळूहळू उचलावे. त्याबरोबर खालचा भागही उचलला जात असेल, तर बिजागरी ताठ असण्याचा संभव मोठा. कोपऱ्यात पडद्याभोवतीची चौकट फाकत असेल किंवा कवच फुगत असेल, तर खुंट मोडले आहेत. काहीच फाकत नाही, आवाजही नाही, पण पडदा आपोआप मागे कलंडतो, अशा वेळी घर्षण झिजले आहे किंवा नुसते स्क्रू सैल आहेत. यांपैकी सैल स्क्रूचा दोष सर्वांत सोपा आणि, आमच्या पाहण्यात, सर्वांत दुर्मीळ. आणखी एक गोष्ट विसरू नये. बॅटरी फुगली तरी कळफलकाची बाजू वर उचलली जाते आणि दोष बिजागरीचाच वाटतो. फुगलेली बॅटरी दिसली तर काम तेथेच थांबवावे. ती दाबू नये, टोचू नये, आणि यंत्र जाणकाराकडे न्यावे.

दुरुस्तीला बसताना चार्जर काढून यंत्र पूर्ण बंद करावे आणि तळाचे झाकण उघडताच सर्वप्रथम बॅटरीचा कनेक्टर सोडवावा. पडद्याकडे जाणाऱ्या केबलमधून मागच्या प्रकाशासाठीही वीज जाते. बॅटरी जोडलेली असताना ती केबल उपसली तर मदरबोर्डवरचा बारीक फ्यूज उडू शकतो. काढलेला प्रत्येक स्क्रू कागदावर यंत्राची आकृती काढून त्या-त्या जागी ठेवावा. ही शिस्त मुलांना कंटाळवाणी वाटते, पण लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला तर तो थेट पडद्याच्या काचेत किंवा मदरबोर्डमध्ये रुततो.

बिजागरी उघडी झाल्यावर दांड्याच्या टोकाला नट आहे का ते पाहावे. असल्यास लहान पान्याने अष्टमांश फेरा सैल करावा, फिरवून पाहावे, आणि गरज वाटल्यासच पुन्हा तेवढाच सैल करावा. घर्षण झिजून पडदा कलंडत असेल, तर हाच नट तितक्याच बेताने आवळावा. पट्टी आवळलेल्या प्रकारात नट नसतो. ती बिजागरी बदलणेच इष्ट. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा दिल्लीत नेहरू प्लेसला असे सुटे भाग मिळतात. तळावरच्या चिकटपट्टीवरील पूर्ण मॉडेल क्रमांक सोबत न्यावा, कारण डावी आणि उजवी बिजागरी वेगळी असते.

मोडलेला खुंट उभारणे हे खरे कौशल्याचे काम. फेव्हिक्विक आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण क्षणात दगडासारखे होते, म्हणून ते लोकप्रिय आहे. पण ते ठिसूळ असते आणि वारंवारच्या ओढीला फार काळ टिकत नाही. दोन नळ्यांतून येणारे, सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी, जसे साधे अरल्डाइट, आम्हाला अधिक भरवशाचे वाटते. जागा स्पिरिटने पुसावी, पॉलिश पेपरने खरबरीत करावी, बुश जागेवर बसवून त्याच्याभोवती इपॉक्सी भरावे. स्क्रूच्या आट्यांना आधी किंचित ग्रीस लावावे, नाहीतर स्क्रू कायमचा चिकटेल. बिजागरी तात्पुरती बसवून बुश सरळ रेषेत आहेत याची खात्री करावी आणि चोवीस तास यंत्राला हात लावू नये. इपॉक्सीचा थेंब बिजागरीच्या फिरत्या भागात गेला तर सारे श्रम वाया. स्क्रू सैल होऊ नये म्हणून मिळणारे निळे द्रव्यही प्लास्टिकजवळ वापरू नये; त्याने काही प्लास्टिकला तडे जातात.

खुंटाचा चुराच झाला असेल, तर झाकणाला आरपार भोक पाडून चपट्या डोक्याचा दोन किंवा अडीच मिलिमीटरचा बोल्ट आणि आतून नट, हा उपाय उरतो. भोक पाडण्यापूर्वी पडद्याचे पॅनेल काढून बाजूला ठेवावे. बाहेरून बोल्टचे डोके दिसते, एवढाच दोष. या जोडाइतका टिकाऊ जोड दुसरा नाही. सौंदर्यासाठी तो नाकारावा असे आम्हाला वाटत नाही.

जोडणी करताना पडद्याची केबल आणि वाय-फायच्या अँटेनाच्या बारीक तारा बिजागरीलगतच्या त्यांच्या मूळ खाचेतूनच न्याव्यात. तळ बंद करण्याआधी यंत्र चालू करून पडदा सावकाश पूर्ण मागे-पुढे करून पाहावा. ठराविक कोनात चित्र थरथरले तर केबल चिमटली आहे. वाय-फाय क्षीण झाले तर अँटेनाची तार. त्यानंतर वापरताना झाकण कोपऱ्याला धरून उघडू नये, कारण तेव्हा पीळ प्रथम त्याच बाजूच्या बिजागरीवर पडतो, मधोमध धरावे.

आणि सुटा भाग कोठेच मिळाला नाही, तर पडदा काढून यंत्र घरच्या टीव्हीला किंवा जुन्या मॉनिटरला जोडता येते. अँटेना झाकणातच असल्याने त्या तारा जपून काढाव्यात आणि तळाशी टेपने चिकटवून ठेवाव्यात, म्हणजे इंटरनेटही चालू राहते.