पादत्राण

प्रस्तावना

'पादत्राण' हा शब्द तुम्ही मंदिराच्या पायरीशी लावलेल्या पाटीवर अनेकदा वाचला असेल. एरवी बोलताना आपण वहाण, चप्पल, जोडा, बूट हेच शब्द वापरतो. 'पाद' म्हणजे पाऊल आणि 'त्राण' म्हणजे रक्षण. शिरस्त्राण डोक्याचे रक्षण करते, तसे पादत्राण पायाचे. परंतु मराठीत 'त्राण' या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. दिवसभर राबून घरी आलेला माणूस म्हणतो, "आता अंगात त्राण उरले नाही." येथे त्राण म्हणजे शक्ती.

कारखान्यात आठ-आठ, दहा-दहा तास उभ्याने काम करणाऱ्याच्या पायातील बुटाला हे दोन्ही अर्थ सांभाळावे लागतात. त्याने पायाचे रक्षण करायचे आणि पायातील बळही टिकू द्यायचे. असा बूट कसा निवडावा, याची माहिती देणारा लेख आपण या पाठात वाचणार आहोत. तुमच्यापैकी अनेक जण नोकरी सांभाळून शिकत असतील. त्यांना हा विषय नवा वाटणार नाही.

मूळ पाठ

माझा एक भाचा नागपूरहून गाझियाबादला नोकरीसाठी आला. साहिबाबादच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात तो कामाला लागला. प्रेसवरून निघालेला प्रत्येक भाग उचलून पाहायचा, कड तपासायची आणि पेटीत ठेवायचा, असे त्याचे काम. पाळी आठ तासांची. पण महिन्याच्या अखेरीस ती दहा-अकरा तासांवर जाई. काम संपल्यावर मोहननगरला मेट्रोत शिरला, तर तेथेही उभेच राहावे लागे.

पहिल्या दिवशी त्याला पोलादी टोपीचे बूट मिळाले. त्याच्या पायाचे माप आठ. भांडारात सात आणि दहा हीच मापे शिल्लक होती. "सात घे, चामडे आहे, आठवड्यात सैल होईल," असे त्याला सांगण्यात आले. नवीन नोकरी, तोंड उघडण्याची चोरी. त्याने सात नंबरचे बूट घेतले.

चामडे सैल झाले, टोपी मात्र झाली नाही. करंगळीवर भोवरी धरली, अंगठ्याचे नख काळे पडले. मग त्याने आणि शेजारच्या दोघांनी एक युक्ती काढली. जेवणाच्या सुट्टीनंतर बूट प्रेसमागे ठेवायचे आणि चपला घालायच्या. पर्यवेक्षकाची चाहूल लागली की पुन्हा बूट चढवायचे. एका रात्री लोखंडाची एक पट्टी बाकावरून घसरली आणि त्याच्या उजव्या पायावर पडली. अंगठ्याचे हाड मोडले. प्रमाणित, पोलादी टोपीचे बूट त्या वेळी त्याच्यापासून हातभर अंतरावर होते.

मी त्याला भेटायला गेलो तेव्हा रागावूनच गेलो होतो. "बूट काढलेस कशाला?" असे विचारले. तो म्हणाला, "मामा, सातच्या बुटात आठचा पाय किती तास ठेवायचा?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढील महिनाभरात त्याच्यासोबत मी जी माहिती गोळा केली, तीच येथे देत आहे.

पायावर पडणारे वजन अडवण्यासाठी अशा बुटाच्या पुढच्या भागात पोलादाची अथवा कृत्रिम संमिश्र पदार्थाची टोपी बसवलेली असते. भारतात या बुटांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १५२९८ हे मानक आहे. त्याच्या दुसऱ्या भागानुसार टोपीने २०० ज्यूलचा आघात सोसला पाहिजे. सोप्या शब्दांत सांगायचे तर २० किलोचे वजन साधारण एक मीटर उंचीवरून पडावे, एवढा तो आघात. याखेरीज १५ किलोन्यूटनचा, म्हणजे सुमारे दीड टन वजनाइतका दाबही टोपीने सहन करावा लागतो. ही चाचणी कशी करतात हे समजल्यावर मला मोठे कौतुक वाटले. बुटाच्या आत, बोटांच्या जागी, मळलेल्या मातीसारख्या मऊ पदार्थाचा एक लहान दंडगोल उभा ठेवतात. आघातानंतर तो किती चेपला ते मोजतात. उरलेली उंची ठरावीक मर्यादेपेक्षा कमी भरली, तर बूट नापास. बोटांना तेवढी पोकळी उरलीच पाहिजे.

ब्यूरोची केंद्रीय प्रयोगशाळा याच साहिबाबादला आहे. भाच्याच्या वसाहतीचे नाव आणि प्रयोगशाळेच्या पत्त्यातील वसाहतीचे नाव एकच निघाले, याचे आम्हांला हसूही आले आणि वाईटही वाटले. अशा पादत्राणांना ब्यूरोचे प्रमाणन सक्तीचे करणारा आदेश केंद्र सरकारने २०२० मध्ये काढला आणि पुढे तो अमलात आला. म्हणून बूट घेताना आयएसआय चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि परवाना क्रमांक पाहावा. हा परवाना खरा आहे की नाही, ते ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाईल ॲपवर तपासता येते. मात्र हे चिन्ह बुटाच्या मजबुतीची ग्वाही देते. तो तुमच्या पायाला बसतो का, याचे उत्तर तुमच्या पायालाच विचारावे लागते.

आता पायाकडे वळू. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि सैल होतात. त्या हालचालीमुळे पायातील रक्त वर, हृदयाकडे ढकलले जाते. एका जागी उभे राहिले की हा पंप जवळजवळ थांबतो. रक्त व पाणी खाली साठते, घोट्यांवर सूज येते, पोटऱ्या भरून येतात. म्हणूनच चार कोस चालणारा माणूस थकत नाही इतका तीन तास ताटकळणारा थकतो. युगानुयुगे विटेवर उभे राहणे विठ्ठलालाच जमले. आपल्या पायांची घडण चालण्यासाठी झालेली आहे.

यातून बूट निवडण्याचा पहिला नियम आपोआप निघतो. माप सकाळी घेऊ नये. संध्याकाळी, शक्यतो पाळी संपल्यावर, पाय सुजलेले असताना घ्यावे. कामावर जे मोजे घालतो तेच घालून, आणि बसून नव्हे तर उभे राहून घ्यावे. कारण अंगाचा भार पडला की पाऊल लांब आणि रुंद होते. कागदावर दोन्ही पावलांची आकृती काढावी. बहुतेकांचे एक पाऊल दुसऱ्यापेक्षा थोडे मोठे असते. बूट मोठ्या पावलाच्या मापाने घ्यावा.

आकड्यांवर फार विसंबू नये. आपल्याकडे प्रचलित असलेल्या इंग्लिश पद्धतीत दोन लगतच्या मापांत एक तृतीयांश इंचाचे, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरचे अंतर असते. युरोपीय पद्धतीत, म्हणजे ४०, ४१, ४२ अशा आकड्यांत, ते पावणेसात मिलिमीटरच्या आसपास असते. त्यामुळे एका पद्धतीचे माप दुसरीत नेमके बसत नाही. शिवाय हे दोन्ही आकडे लांबी सांगतात, रुंदी सांगत नाहीत. वहाणा-चपलांत वाढलेला पाय चवड्याशी पसरलेला असतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये एक लाखाहून अधिक भारतीयांच्या पावलांची मोजमापे घेतली, तेव्हा आपली पावले रुंद असल्याचेच दिसून आले. रुंदी मिळावी म्हणून आपण एक माप मोठे घेतो. मग टाच आत वरखाली होते आणि फोड येतात. यावर उपाय म्हणजे रुंद पंज्याचा बूट मागणे. दुकानदाराने "असा नसतो" म्हटले तर दुसरे दुकान पाहावे.

आम्ही बुलंदशहर रोडच्या औद्योगिक भागाजवळील एका दुकानात गेलो. तेथील म्हाताऱ्या दुकानदाराने भाच्याला बूट घालायला लावला, टाच जमिनीवर आपटून मागे सारायला सांगितली आणि मगच नाडी बांधू दिली. नंतर म्हणाला, आता चवड्यांवर उकिडवे बसा. पाऊल जेथे दुमडते, तेथे पोलादी टोपीची मागची कड बोटांच्या सांध्यांवर रुतते की काय, ते असे बसल्यावरच कळते. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी आणि सगळी बोटे आत हलवता आली पाहिजेत. टोपीचा स्पर्श कोठेही जाणवला, तर तो बूट तेथेच ठेवावा. चामडे पायाला सरावते. पोलाद कधीही सरावत नाही. हे एक वाक्य कोणी पहिल्या दिवशी भांडारात सांगितले असते, तर!

पाठगत प्रश्न
१. पायाचे माप संध्याकाळी का घ्यावे?
२. "पोलाद कधीही सरावत नाही" या वाक्याचा भाच्याच्या अनुभवाशी कोणता संबंध आहे?

बुटाच्या तळाविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण उभे राहणाऱ्याचा सारा भार तळावर असतो. स्वस्त बुटांचा पीव्हीसीचा तळ कडक असतो. पॉलियुरेथेनचा तळ हलका असतो. त्यात दुहेरी घनतेचा प्रकार मिळतो. वरचा थर मऊ आणि जमिनीला लागणारा थर टणक. सिमेंटच्या जमिनीवर दिवसभर उभे राहायचे असेल, तर हा प्रकार सुखाचा. पण तो वर्षानुवर्षे दमट जागी पडून राहिला की भुगा होऊन तुटतो. म्हणून तयार केल्याची तारीख पाहून घ्यावा. भट्टीजवळ किंवा तापलेल्या धातूजवळ काम असेल, तेथे नायट्राइल रबराचा तळ लागतो. तो जड असतो, पण उष्णतेत टिकतो.

बुटावर 'एसबी', 'एस१', 'एस३' अशी अक्षरे असतात. एसबी म्हणजे केवळ मूलभूत संरक्षण. एस१ मध्ये टाचेखाली धक्का शोषणारी रचना असते. उभ्याने काम करणाऱ्याने निदान एवढे तरी मागावे. एस१ पुढे 'पी' असेल किंवा एस३ असेल, तर तळात खिळा न शिरू देणारा थर असतो. हा थर पोलादी पत्र्याचा असला की तळ ताठ होतो. जेथे जमिनीवर खिळे वा पत्र्याचे तुकडे पडत नाहीत, तेथे त्याचा भार वाहण्यात अर्थ नाही. भाच्याच्या कामात मात्र तो आवश्यकच होता. टोपीचेही तसेच. संमिश्र पदार्थाची टोपी पोलादापेक्षा हलकी असते आणि गाझियाबादच्या जानेवारीतील धुक्यात पोलादासारखी गारठत नाही. तिलाही तोच २०० ज्यूलचा आघात सोसावा लागतो, म्हणून ती कमकुवत असेल ही भीती बाळगू नये. किंमत तेवढी जास्त पडते.

बूट चांगला असला तरी रोज तोच घालू नये. दिवसभराचा घाम चामड्यातून एका रात्रीत सुकत नाही. दोन जोड असतील तर ते आलटून-पालटून वापरावेत. नसतील तर आतला तळ रात्री बाहेर काढून वाऱ्यावर ठेवावा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात हे केले नाही, तर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. निव्वळ सुती मोजे घाम धरून ठेवतात, त्यापेक्षा मिश्र धाग्याचे बरे. ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी पाळी संपल्यावर तळवे डोळ्यांनी पाहावेत. बूट लागल्याची वेदना त्यांना जाणवेलच असे नाही. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलालाच टाचेत कळ येत असेल, तर नवा बूट शोधण्याआधी डॉक्टरांकडे जावे.

आणखी एक गोष्ट. उत्तम बूटही माणसाला दहा तास एका जागी उभे करण्यासाठी नसतो. स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी असलेली गृहिणी एक पाय पाटावर ठेवते, थोड्या वेळाने बदलते. त्याने कमरेला विसावा मिळतो. यंत्रापाशी अशी एक लाकडी ठोकळी ठेवता येते. पायाखाली रबरी चटई घालता येते. १९४८च्या कारखाने अधिनियमातील ४४व्या कलमाने उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय ठेवणे बंधनकारक केले होते. त्या अधिनियमाची जागा घेणारी २०२०ची व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. बसण्याची ही सोय तीतही कायम आहे. सुरक्षेसाठी दिलेल्या साधनांचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत, हेही कायदाच सांगतो. भाच्याला या गोष्टी ठाऊक नव्हत्या. खरे सांगायचे तर मलाही नव्हत्या.

तो कामावर परतला, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून कारखान्याला एक अर्ज लिहिला. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. पावलाची लांबी, पंज्याची रुंदी, हवे असलेले माप आणि मानकाचा क्रमांक, एवढेच चार ओळींत होते. दहा दिवसांनी आठ नंबरचे, रुंद पंज्याचे बूट आले. त्याच्या शेजारच्या दोघांनीही तोच अर्ज आपापली मापे घालून दिला. प्रेसमागच्या चपला आता तेथे नसतात, असे तो सांगतो. अंगठ्याचे नख मात्र अजून वाकडेच उगवते.

शब्दार्थ
भोवरी – बूट घासून कातडीवर झालेला कठीण गोळा
चवडा – पावलाचा पुढचा, बोटांकडील भाग
बेचके – दोन बोटांमधील जागा
ताटकळणे – बराच वेळ तिष्ठत उभे राहणे
उकिडवे – ढुंगण न टेकता पायांवर बसलेले

स्वाध्याय
१. 'त्राण' या शब्दाचे दोन अर्थ दाखवणारी दोन वाक्ये तयार करा.
२. लेखकाने भाच्याला विचारलेला प्रश्न आणि त्याला मिळालेले उत्तर यांतून लेखकाच्या मनात कोणता बदल झाला, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. घरातील उभ्याने काम करणाऱ्या एका व्यक्तीच्या दोन्ही पावलांचे संध्याकाळी माप घ्या. ती सध्या वापरत असलेल्या पादत्राणाच्या मापाशी ते ताडून पाहा आणि माप चुकत असल्यास कार्यालयाला किंवा कारखान्याला द्यावयाचा चार ओळींचा अर्ज तिच्या वतीने लिहा.