डिझेल बसलं, आता क्राऊन-पिनियनचं काय?

सई : आप्पा, आजोबांच्या जीपला डिझेल इंजिन बसलं एकदाचं. स्टार्टिंग छान आहे, चढाला दमही आहे. पण हायवेला साठच्या पुढे काटा गेला की इंजिन नुसतं बोंबलतं. पेट्रोल होतं तेव्हा असं नव्हतं.

आप्पा : बोंबलणारच. गाडी थ्री-बी ना तुझी? उंच बॉनेटवाली?

सई : हो. मूळचं हरिकेन पेट्रोल इंजिन होतं. आता बोलेरोतलं जुनं डीआय टर्बो बसवलंय. मेकॅनिकनं अ‍ॅडॉप्टर प्लेट बनवून गिअरबॉक्स तोच ठेवला, तीन गिअरचा.

आप्पा : मग दुखणं तिथंच आहे. हरिकेनची पूर्ण ताकद ४००० फेऱ्यांवर मिळायची. तुझ्या डीआयची, म्हणजे त्या ६३ अश्वशक्तीची, ३२०० वर. तिथून पुढे ते नुसता आवाज करतं. आणि डिफरन्शियलच्या गोळ्यातला क्राऊन-पिनियन अजून ४००० वाल्या इंजिनासाठीच बसलेला आहे. काय रेशो आहे, माहीत आहे?

सई : कागदपत्रांत कुठं लिहिलेलं नाही. गोळा उघडून दात मोजायचे का?

आप्पा : उघडायला कशाला पाहिजे? मागचं एक चाक जॅकवर उचल. दुसरं जमिनीवरच राहू दे, त्याला आणि पुढच्या चाकांना दगड लाव. गाडी न्यूट्रलला. हॅण्डब्रेक सोडायचा, कारण ह्या जीपला तो प्रोपेलर शाफ्टवरच असतो. म्हणून दगडाशिवाय गाडीखाली जायचं नाही. आता शाफ्टवर खडूनं रेघ मार आणि उचललेलं चाक हातानं बरोबर दोन फेऱ्या फिरव. शाफ्ट जितक्या फेऱ्या मारेल, तो रेशो.

सई : दोन फेऱ्या का? एक का नाही?

आप्पा : जमिनीवरचं चाक थांबलेलं आहे ना. डिफरन्शियल अशा वेळी मोकळ्या चाकाला दुप्पट फिरवतं. म्हणजे चाकाच्या दोन फेऱ्या झाल्या की क्राऊनची एक होते. तुझ्या गाडीत शाफ्ट पाच फेऱ्या मारून वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त फिरेल. ५.३८. पिनियनला ८ दात, क्राऊनला ४३.

सई : हे ८ आणि ४३ असे विचित्र आकडे का? ८ ला ४० घेतले असते तर हिशोब तरी सोपा झाला असता.

आप्पा : तुझा हिशोब सोपा झाला असता, पिनियनचा नाही. ८ ला ४० घेतले तर पिनियनचा एक दात जन्मभर क्राऊनच्या त्याच पाच दातांना भेटत राहणार. एका दाताला खोड असली की त्या पाचांवर तिचा व्रण उठणार. ४३ ला ८ नं भाग जात नाही, म्हणून प्रत्येक दात फिरत फिरत सगळ्यांना भेटतो आणि झीज वाटली जाते. बरं, टायर कुठला आहे?

सई : ६.०० बाय १६. मूळचाच.

आप्पा : टायर बदलायचा विचार असेल तर आत्ताच सांग. निम्मे लोक आधी क्राऊन-पिनियन बदलतात आणि मग हौसेनं ३१ इंची टायर चढवतात. तुझा टायर २८ इंचांच्या आसपास. ३१ चा घातलास तर चाकाचा घेर साधारण दहा टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ५.३८ चा रेशो काही न उघडता ४.८८ सारखा वागायला लागतो.

सई : नाही आप्पा, टायर हेच ठेवायचे. शेतावर जाते गाडी, अरुंद टायर चिखलात बरा पडतो. आणि आजोबांची गाडी तशीच दिसायला हवी.

आप्पा : चांगलं केलंस. मग टायरला खडूची खूण करून गाडी अंगणात एक फेरी ढकल आणि टेपनं मोज. कंपनीचा आकडा घेऊ नकोस, वजनाखाली टायर दबतो. सव्वासात फुटांच्या आत भरेल, धर २.२ मीटर. आता ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला बरोबर एक किलोमीटर. हजार भागिले २.२ म्हणजे चाकाच्या साधारण ४५५ फेऱ्या. टॉप गिअर सरळ एकास एक. ४५५ गुणिले ५.३८?

सई : थांबा... २४४८.

आप्पा : हं. ३२०० ला संपणारं इंजिन तू साठलाच २४४८ वर नेऊन ठेवलंस. पूर्ण पिळलंस तर ७८ ला दम संपतो. आणि हेच इंजिन सगळ्यात जोरात ओढतं कुठं, तर १५०० च्या आसपास. तिथं १८० न्यूटन मीटर टॉर्क आहे आणि तू त्याच्या हजार फेऱ्या पुढे पळतेस.

सई : मग किती पाहिजे?

आप्पा : जुनं इंजिन ४०००, नवं ३२००. भागाकार सव्वा. ५.३८ ला सव्वानं भाग, ४.३० येतात. बाजारात त्याच्या जवळचा संच ४.२७ चा, ११ ला ४७ दात. साठला १९४० फेऱ्या, टॉपला ९८-९९ चा वेग. पेट्रोलवर गाडी जितकी पळायची तितकीच.

सई : पण ३.७३ पण मिळतो म्हणे. एक जण म्हणाला, तो टाका, गाडी पक्ष्यासारखी जाईल.

आप्पा : कागदावर जाईल, ११३ पर्यंत. प्रत्यक्षात सपाट काच, चौकोनी नाक आणि ६३ अश्वशक्ती. टॉप गिअरमध्ये ३२०० पर्यंत ते इंजिन पोचायचंच नाही. थोडा चढ आला की दुसरा गिअर मारावा लागणार. आणि समजा पोचलं, तरी चारी चाकांना छोटे ड्रम ब्रेक आहेत आणि खाली पाटे. ह्या गाडीला शंभरच्या पुढे नेणारा रेशो मी माझ्या हातानं बसवणार नाही. शिवाय मागचा धुरा डाना ४४ आहे. त्यात क्राऊन ज्यावर बसतो तो केरिअर ३.७३ आणि त्याखालच्या रेशोंना वेगळा, ३.९२ पासून वरचा वेगळा. म्हणजे केरिअर बदलायचा खर्च वर. ४.२७ तुझ्याच केरिअरवर बसतो.

सई : मग ४.८८? मधला मार्ग?

आप्पा : गाडी शेत सोडून कुठं जात नसती तर ४.८८ म्हणालो असतो. साठला २२०० फेऱ्या, टॉप ८६-८७. वाईट नाही. पण तुला दर आठवड्याला साताऱ्याहून पुण्याला जायचंय. ४.२७ ला पिनियन ११ दातांचं म्हणजे ८ वाल्यापेक्षा जाडजूड येतं, डिझेलच्या झटक्याला ते बरं. आणि घाटाचं भ्याव नको. दुसऱ्या गिअरला चाळीसच्या वेगानं चढलीस तर इंजिन २००० वर राहतं.

सई : एवढं सगळं फुकट मिळत असेल असं वाटत नाही.

आप्पा : नाहीच मिळत. लो रेंजमध्ये किंमत मोजावी लागते. पहिला गिअर २.८०, ट्रान्सफरचा लो २.४६, त्याला ५.३८ नं गुणलं की ३७. ४.२७ घेतलास की २९. आयडलवर, ७५० धर, गाडी आधी पावणेतीनच्या वेगानं सरपटायची, आता ३.४ नं सरपटेल. दगडांच्या उतारावर हा फरक पायाला कळतो, ब्रेकवर पाय जातो. डिझेल खालच्या फेऱ्यांवर बंद पडत नाही, म्हणून चढाला निभावतं. उतारासाठी इलाज एकच, चार गिअरचा, मोठ्या पहिल्याचा गिअरबॉक्स. तो पुढे कधी तरी बघ.

सई : गोळा न उघडता काही होत नाही का?

आप्पा : अमेरिकेत होतं. ह्याच जीपच्या ट्रान्सफर केसच्या मागे पीटीओचं तोंड असतं, तिथं बसणारा ओव्हरड्राइव्ह वॉर्न कंपनी बनवायची. पंचवीस टक्के फेऱ्या कमी. ५.३८ चा हायवेवर जवळपास ४.०४ होतो आणि ओव्हरड्राइव्ह काढला की लो रेंज जशीच्या तशी. मला विचारशील तर ह्या गाडीवरचा सगळ्यात शहाणा उपाय तो. पण मागवायचा, ड्युटी भरायची, सुट्या भागांसाठी परत हात पसरायचे. क्राऊन-पिनियन इथं मिळतो.

सई : ठीक. मग मागचा बदलते आधी. पुढचा दिवाळीनंतर.

आप्पा : अजिबात नाही! फोर बाय फोर टाकलंस की पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र जखडतो. मागे ४.२७, पुढे ५.३८. मागचं चाक सव्वा फेरी मारायला बघणार, पुढचं एकच. एका जुवाला घोडा आणि बैल. चिखलात चाक घसरून सुटका होईल, डांबरावर ट्रान्सफर केस तरी जाईल नाही तर शाफ्टचा क्रॉस तरी. पुढचा-मागचा फरक एका टक्क्याच्या आत असेल तर चालतो, त्याहून जास्त नाही. आणि पुढचा गोळा डाना २५ आहे, मागचा संच त्यात बसत नाही. दोन वेगळ्या जोड्या एकदमच मागव. हातात आल्या की क्राऊनवरचा आणि पिनियनवरचा नंबर जुळतो का बघ. ते कारखान्यातच एकमेकांवर घासून जोडीनं तयार होतात. ह्याचा क्राऊन नि त्याचं पिनियन कुणी गळ्यात मारलं तर परत कर.

सई : आणि बसवणारा बरोबर बसवतोय हे मला कसं कळणार?

आप्पा : त्याच्याजवळ डायल गेज आहे का बघ. 'हातानं हलवून कळतं' म्हणाला तर चहा पिऊन उठ. क्राऊनच्या दातांवर प्रशियन ब्लू लावून फिरवायला सांग. ठसा दाताच्या मधोमध उठला पाहिजे. टोकाला किंवा बुडाशी उठला तर पिनियनखालची शिम बदलून पुन्हा सगळं उतरवायचं. तीनदा उतरवावं लागलं तरी चिडू नकोस, जो एकदाच बसवून मोकळा होतो त्याचा गोळा पुढे ओरडतो. मग नव्वदचं गिअर ऑइल, जीएल-५. सुरुवातीला लांब पल्ला नको, थोडं चालवून थंड होऊ द्यायचं. पहिलं ऑइल लवकर बदल, त्यात बारीक चुरा येतो.

सई : बस, एवढंच?

आप्पा : स्पीडोमीटर राहिला की. त्याची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, म्हणजे गोळ्याच्या आधी. गाडी खरी साठनं पळेल तेव्हा काटा ४७-४८ दाखवेल, आणि तू आपली हळू जातोय म्हणून पाय दाबत राहशील. स्पीडोचा छोटा गिअर बदलून घे. तो मिळेपर्यंत मोबाईलवर वेग बघायला कुणाला तरी शेजारी बसव. आणि इंजिन बदलल्याचा अर्ज आरटीओत दिलास का?

सई : अं... मेकॅनिक म्हणाला, नंतर बघू.

आप्पा : मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाच. परवानगी आधी घ्यायची असते, नंतर नाही. उद्या सकाळी आरसी बुक आणि इंजिनाचं बिल घेऊन ये. आधी आरटीओत जाऊ, परवानगीचं काय होतं ते बघू, मग क्राऊन-पिनियनचे पैसे घाल.