उपासनेतलं गाणं पारखायचं कसं?

मिस्सात कोणतं गाणं म्हणावं, यावरून जितके वाद होतात तितके प्रवचनावरूनही होत नसतील. शहापुरात तर हा प्रश्न जास्तच गुंत्याचा. एकाच चर्चमध्ये मूळची गोव्याकडची कोकणी कुटुंबं, मराठी घरं, कन्नड घरं आणि इंग्रजी माध्यमात शिकलेली आमची पिढी. व्हायोलिनच्या साथीचं कोकणी गीत एकाला आजीची आठवण देतं, दुसऱ्याला त्याचे शब्दच कळत नाहीत. तबला-पेटीवरचं भजन कुणाला घरचं वाटतं, कुणाला परकं. कीबोर्ड-ड्रमवरचं 'प्रेझ अँड वर्शिप' तरुणांना आवडतं, थोरांना त्याचा गोंगाट होतो. त्यातून सीमाभागात गाण्याची भाषा निवडली तरी बाजू घेतल्यासारखं होतं. म्हणून 'कोणतं चांगलं' यापेक्षा 'ते ठरवायचं कशावरून' हे आधी बघू.

१. 'आपलं' आणि 'परकं'

१९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानो वाजवायला मनाई केली. ढोल, झांजा अशी गोंगाटाची वाद्यंही नकोत, असं सांगितलं. आपल्याकडे १९४० मध्ये आकाशवाणीनं हार्मोनियमवर बंदी घातली, कारण युरोपातून आलेली ही पेटी भारतीय संगीताला मानवत नाही असं मत होतं. आज तीच पेटी 'देशी' म्हणून चर्चमध्ये ठेवतात. म्हणजे वाद्याचं कूळ बघून निकाल दिला, तर तो फार काळ टिकत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ मध्ये उपासनेवरच्या आपल्या दस्तऐवजात एक मोजमाप दिलं: संगीत विधीशी जितकं जवळून जोडलेलं, तितकं ते पवित्र. ग्रेगोरियन गायनाला त्यात मानाचं स्थान आहेच. पण जिथं लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, तिथं तिलाही योग्य मान द्यावा, असंही म्हटलं आहे.

२. मराठीतली वाट

हे मराठीला नवीन नव्हतं. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण लिहिलं ते ओवीत. १६१६ मध्ये ते छापलं गेलं. पुराण ऐकायची सवय असलेल्या लोकांना त्यांनी त्यांच्याच चालीत ख्रिस्ताची कथा दिली. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग, भजन, कीर्तन हे सगळं ख्रिस्ती उपासनेत आणलं. टिळक प्रोटेस्टंट होते, तरी मराठी ख्रिस्ती गीतांचा विचार त्यांना वगळून करताच येत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यानं इथं छंद बघावा. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चरण असतात, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं. हातात पुस्तक नसलं तरी चालतं. याउलट इंग्रजी चालीत मराठी शब्द कोंबले की ऱ्हस्व-दीर्घ कोलमडतं. चालीचा जोर पहिल्या अक्षरावर असेल तर 'दया'ची 'दाऽया' होते. प्रार्थनेतला शब्दच मोडला, तर म्हणणाऱ्यानं नेमकं काय मागितलं?

३. तीन कसोट्या

अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी १९७२ मध्ये तीन कसोट्या मांडल्या. त्या आपल्यालाही उपयोगी पडतात.

संगीताची: रचना मुळात चांगली आहे का?
विधीची: ते गाणं त्या क्षणाला शोभतं का?
लोकांची: या लोकांना, या ठिकाणी, ते प्रार्थनेला मदत करतं का?

२००७ मध्ये त्यांनीच स्पष्ट केलं की हे तीन वेगळे निकाल नाहीत, एकाच निकालाच्या तीन बाजू आहेत. म्हणजे 'लोकांना आवडतं' एवढ्यानं भागत नाही आणि 'रागदारीत पक्कं आहे' एवढ्यानंही नाही.

४. लावून बघू

अभंग लोकांच्या कसोटीला सहज उतरतो. पण गायकानं ताना घेत तो लांबवला, तर अर्पणविधी संपून फादर थांबून राहतात. तिथं विधीची कसोटी हुकली.

'प्रेझ अँड वर्शिप'चं धृपद लगेच तोंडात बसतं, युवा प्रार्थनासभेत ते शोभतं. पण बऱ्याच गाण्यांत सगळं 'मी' आणि 'माझं' असतं, आणि मिस्सा तर 'आम्ही'ची प्रार्थना. शिवाय उपवासकाळात वाद्यं फक्त गायनाला आधार म्हणून वाजवायची असा नियम आहे. तेव्हा ड्रम गप्प बसलेला बरा.

उपवासकाळातली अनेक आवाजांतली कोकणी गीतं संगीत म्हणून उत्तम असतात. ती सगळ्यांना म्हणता येत नाहीत. पण मनापासून ऐकणं हाही सहभाग आहे. फक्त पूर्ण मिस्साभर ऐकतच बसावं लागलं, तर मग ती मैफल झाली.

५. एक आक्षेप

'शैली म्हणजे नुसतं भांडं, आत काय आहे ते बघा,' असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. भांड्यालाही वास असतो. एखाद्या घराला भजन ऐकून दुसऱ्या देवळाची आठवण होत असेल, तर ती आठवण खोटी नाही. तिला 'मागासलेपणा' म्हणणं सोपं आहे, समजून घेणं अवघड. आमच्या चर्चमधल्या एक वयस्कर बाई नव्या गाण्यांबद्दल म्हणाल्या, "गाणं बरं होतं खरं मला म्हणता आलं नाही." शहापुरात 'खरं' म्हणजे 'पण' हे सांगायला नकोच. त्यांनी शैलीवर टीका केली नाही; पहिली कसोटी मान्य करून तिसरीकडे बोट दाखवलं.

म्हणून माझं मत असं: शैली कोणतीही घ्या, पण ती कुणाचं तोंड बंद करते हे आधी बघा. एका रविवारी सगळ्यांचं समाधान होणार नाही. पण तोच एक गट दर रविवारी गप्प राहत असेल, तर निवड चुकली आहे.

चर्चेसाठी

१. तुमच्या चर्चमधलं एक गाणं घ्या आणि तिन्ही कसोट्या लावा. कोणती हुकते?
२. एखादं भाषांतरित गीत म्हणून बघा. कोणत्या शब्दाचं ऱ्हस्व-दीर्घ चालीमुळे बदलतं?
३. अनेक भाषांच्या मिस्सात कोणता भाग कोणत्या भाषेत गावा? कारणासह लिहा.